योगराजच्या नावाची मूठ

ती. अक्कांस,
धाकट्या जावेचा पारोळ्याहून नमस्कार.

कानबाईचा नारळ आणि डाळ बाजारातून आली; नारळ चाळीसला पडला. गहू घरचे होते. वाटणीनंतरचे हे देवीच्या नैवेद्याचे पहिले रोट. घरातल्या पुरुषांच्या नावाने गव्हाची मूठ घेतात, ती यंदा यांची आणि पियुषची, दोघांचीच घेतली.

पियुष शेजारी बसून बघत होता. एकाएकी त्याने सूपच लाथाडलं. देवीचे गहू पायाखाली आलेले पाहून माझा हात उगारला गेला. पण पोराचे ओठ थरथरत होते. गहू वेचत मी विचारलं, "काय झालं रे?"

म्हणाला, "योगराजदादा बी मरी गया का वं माय?"

मामंजी गेले, त्या वर्षी मीच त्याला सांगितलं होतं, आबा देवाघरी गेले, आता त्यांच्या नावाची मूठ नाही घ्यायची. पोराने तेवढंच मनात धरलं.

"नही रे, दादा धुळाले शे," म्हटलं; तुमच्याजवळ धुळ्यालाच आहे.

"मंग येत का नही?"

भावाभावांचं भांडण सहा वर्षांच्या लेकराला काय सांगू? दोन दिवस झाले, तो रोटाला शिवलेला नाही.

यांनी तुमच्याशी बोलायची बंदी केली आहे, म्हणून हे पत्र तूर्त देवीच्या फोटोमागे ठेवते. कधी टाकायचं धाडस झालंच, तर उलट टपाली योगराजच्या हातच्या दोन ओळी पाठवा. तुम्ही लिहू नका. पियुष दादाचं अक्षर ओळखतो.

तुमची,
पुनम