याडी म्हणजे काय

कारंजा, ६ मार्च १९७५

प्रिय सोमला,

तुझं कार्ड परवा मिळालं. उत्तराला दोन दिवस लागले, कारण आधी तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि तांड्यावर येऊन ती तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

सहा वर्षांपूर्वी ही खोली घेताना घरमालक हुकूमचंदजींनी माझं मदनसिंग हे नाव ऐकलं आणि मला राजपूत ठरवून टाकलं. नाही, मी बंजारा, असं मी म्हटलं नाही, एवढंच. घरी तलवार असेल, म्हणाले. मी म्हणालो, काकांकडे आहे. आपल्या काकांकडे विळा आहे, तोही बोथट. पुढे गल्लीत चोरी झाली तेव्हा राजपूत म्हणून राखणीची काठी माझ्याच हाती दिली. बाजारात कुणाचं काही हरवलं की आपल्या बापूला नेऊन ठाण्यात बसवायचे, आठवतं ना? ती काठी घेऊन मी खोलीत एकटाच हसलो होतो.

मग डिसेंबरात याडी आली. दोन दिवाळ्या मी घरी फिरकलो नव्हतो, म्हणून तीच एसटीत बसली. आरशांची कांचळी, घेरदार फेटिया घागरा, डोक्यावर शेंगांचं गाठोडं. अंगणात बायका धान्य निवडत होत्या. तिला पाहताच माझ्या तोंडून मोठ्याने ‘याडी!’ निघून गेलं. मालकीणबाई पानाबाईंनी लगेच विचारलं, “याडी म्हंजे काय हो मास्तर?” ‘आई’, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, त्यांच्या भाषेत नाचणारीला याडी म्हणतात, शाळेच्या गॅदरिंगसाठी बोलावली आहे.

तिला मराठी सगळी कळायची, सोमला. पानाबाई म्हणाल्या, “मंग आमाले दाखव ना नाचून.” तिने माझ्याकडे पाहिलं, गाठोडं खाली ठेवलं आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी नाचली. गायली ते ढावलो, नवरी घर सोडताना रडून गाते ते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हुकूमचंदजी म्हणाले, “मास्तर, लय झकास हाये तुमची याडी!” दुपारच्याच एसटीने ती परतली. मदनच्या घरी फार मान मिळाला, असं तिने तांड्यात सांगितलं म्हणे; तूच लिहिलं होतंस. तेव्हापासून लाकडं विकायला आलेल्या आपल्या प्रत्येक बाईमागे गल्लीतली पोरं ‘ए याडी, नाच’ करत धावतात. शाळेत मी भाषाच शिकवतो.

परवा पोस्टमनने तुझं कार्ड हुकूमचंदजींच्या हाती दिलं. ‘याडी गेली. लवकर ये.’ त्यांनी वाचलं, कार्ड काय सगळेच वाचतात. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, “गेली काय बिचारी? आता गॅदरिंगले कोनाले आनसान?” आणि मी म्हणालो, बघू, दुसरी मिळेल. कार्ड माझ्या हातात होतं, तरी म्हणालो. पिशवी भरून ठेवली आहे, पण तिच्या दिवसांना मी कोण म्हणून येऊ? येऊ की नको, ते तू कळव. लिफाफा नको, कार्डच पाठव. त्यात याडी म्हणजे आई, असं ठळक लिही. माझ्याने त्यांना सांगवत नाही. ते वाचतील तरी.

तुझाच भाऊ, अजून म्हणशील तर,
मदनसिंग