गावच्या भांड्यांचं अ‍ॅनालिसिस

६ जानेवारी, मंगळवार

अ‍ॅनालिसिस परत! सोमनाथ सरांनी पानं टेबलावर टाकली. म्हणाले, कोडिंगचं नंतर बघू, आधी सध्या काम कसं चालतं ते धड लिहून आणा. प्रोजेक्ट दोघांचा, माझा आणि प्रशिकचा, त्यामुळे बोलणी दोघांनाही. तो खाली बघत उभा. मी खिडकीबाहेर.

विषय तसा साधा. आमच्या उत्रोलीत लग्नकार्याला लागणारी मोठी भांडी गावाच्या मालकीची आहेत. पातेली, पराती, कढया, सगळं देवळाशेजारच्या खोलीत. किल्ली गेनूतात्यांकडे, आणि कुणाला कधी द्यायची ते त्यांच्या डोक्यात. ते डोक्यातलं मोबाईलवर आणायचं, हेच आमचं अ‍ॅप. बीसीएच्या शेवटच्या वर्षाला एवढं पुरतं.

तात्यांची मुलाखत डिसेंबरात प्रशिकने घेतली. मी तापाने पडलेले, म्हणून तो एकटाच गेला होता. लिहिलंय मात्र छान — कितीही राग आला तरी हे म्हणायलाच हवं. प्रत्येक नियमाखाली गावातलं खरं उदाहरण. फक्त एका ठिकाणी सरांनी लाल गोल केलाय. ‘एकाच तारखेला दोन घरांनी भांडी मागितली तर?’ नियम लिहिलाय — ज्याने आधी धरली, त्याची. उदाहरणाची जागा मोकळी!

आता त्याला विचारणार कसं? आम्ही बोलत नाही.

७ जानेवारी

लिहूनच टाकते. कुणाला सांगणार?

मुलाखतीनंतरच्या सोमवारी, भोरच्या एसटी स्टँडवर त्याने सगळं संपवलं. निकाल लागला, नोकरी मिळाली की मी पप्पांशी बोलायचं, असं आमचं ठरलेलं. आम्ही मराठे, तो विंझरचा, बौद्ध घरातला. पप्पा चिडणार हे दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी ठरलं होतं! आणि हा म्हणतो, “तू सुखी राहा म्हणजे झालं.”

का, विचारलं. म्हणाला, तुला माहिताय.

मला डोंबल माहीत आहे! मी त्याला भित्रा म्हणाले. माझ्या घरच्यांना घाबरून पळतोयस म्हणाले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. त्याने सगळं ऐकून घेतलं, एसटी लागली, चढला. खिडकीशी बसला, पण वळून बघितलं नाही.

९ जानेवारी

भात करपला. मी चुलीसमोरच बसलेले आणि करपला. आई एका शब्दाने बोलली नाही. उलट जवळ घेऊन केसांना तेल लावलं. परीक्षेच्या काळजीने वाळलीस म्हणाली. हल्ली फारच लाड चाललेत. मला तर तेल लावतानाही रडू येत होतं.

११ जानेवारी, रविवार

तात्यांकडे गेले. ते सारोळ्याला पाहुण्यांकडे गेलेले. सखूकाकू, तात्यांची बायको, भेटल्या. त्यांना निम्मं माहीत. भांडी धरायची म्हणजे तात्यांच्या हातात नारळ द्यायचा. तेही लग्नाची तारीख चारचौघांत सांगायच्या आधी. “आदी भांडी, मग पत्रिका,” म्हणाल्या. भांडीच मिळाली नाहीत तर तारीख सांगून उपयोग काय! पण गावात मयत झालं तर नारळबिरळ काही नाही. लग्नघर स्वतःहून पातेली काढून देतं.

घरी येऊन लिहिलं: ‘वापरकर्त्याने नारळ दिल्यावर बुकिंग कन्फर्म होते.’ आणि हसू फुटलं. खूप दिवसांनी! हे प्रशिकला पाठवायचंच म्हणून मोबाईल उचललासुद्धा.

मग ठेवला.

१२ जानेवारी

काही लिहिलं नाही. काही खाल्लंही नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत होती. आज वर्गात सगळ्यांना तिळगूळ वाटला. त्याला टाळणार होते, पण पाय तिकडेच गेले. त्याने हात पुढे केला. डोळे सुजलेले. मला वाटलं, आता तरी बोलेल.

मीच बोलले. प्रोजेक्टचंच. ते एक उदाहरण का नाही लिहिलंस? तात्यांनी सांगितलं नाही का?

“सांगितलं. पण ते मी माझ्या हाताने नाही लिहिणार.”

एवढंच! तिळगूळ तोंडात न घालता खिशात ठेवला आणि गेला. काय हा माज! मार्क माझेही जाणार आहेत. आणि एवढं होऊनही मी दिवसभर त्याच्या सुजलेल्या डोळ्यांचाच विचार केला. मला त्याची अजून तेवढीच ओढ आहे. जात नाही. काय करू?

१७ जानेवारी

उद्या स्वतः जाऊन ते उदाहरण आणणार. त्याच्यावाचून माझं अडत नाही, हे त्यालाही कळू दे.

१८ जानेवारी, रविवार

तात्या खोलीपुढे पराती मांडत होते. मी मोबाईल रेकॉर्डिंगला लावला आणि विचारलं, एका तारखेला दोन घरांनी भांडी मागितली, असं कधी झालंय का?

“त्या पोराला सांगितलं की म्या. तुजंच सांगितलं. चिमाजीनं पोराच्या लग्नाला वैशाखातली तारीख मागितली. पन ती कशी देणार? तुज्या बापानं दिवाळीतच नारळ दिलाय, तुज्या लग्नाचा. सासवडचं स्थळ न्हाई का!”

मी रेकॉर्डिंग बंद केलं. तात्यांनी हातातली परात खाली ठेवली.

“तुला म्हाईत न्हाई व्हय, पोरी?”

म्हणजे डिसेंबरपासून प्रशिकला वाटतंय, हे लग्न मला माहीत आहे.