कुणाकडून आलं

३ फेब्रुवारी
धाकट्या भावाचा रिपोर्ट आला. हृदयाची भिंत जाड होत गेली होती, कुणाला पत्ता नाही. रक्तात तो दोष जन्मापासूनच होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, जिना चढताना कोसळला आणि गेला. एकतीस वर्षांचा. दोन महिने आम्ही म्हणत होतो — कामाचा ताण.
रक्ताच्या सगळ्यांनी तपासून घ्या म्हणाल्या. आई, बाबा, मी.

४ फेब्रुवारी
दुकानात चष्म्याची काच घासता घासता हात छातीवर गेला. ठोके मोजले. एक चुकला? की मीच चुकले?

९ फेब्रुवारी
बाबा तपासणीला यायला तयार नाहीत. चार मजले चढतो, मला काय धाड भरलीय, म्हणे. आई म्हणते, मला तर तपासायलाच नको. यांच्याकडचेच सगळे असे उभ्या उभ्या गेले. काका, आत्या. बाबा उठून गॅलरीत गेले. मी मागोमाग. कठडा घट्ट धरून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याकडून गेलं असेल त्याच्यात, तर मला ते कळायला नको."


१७ फेब्रुवारी
माझ्यात आहे.
भिंत थोडी जाड. रक्तात तोच दोष, धाकट्याचाच. गोळ्या, जिने सावकाश, दर वर्षी तपासणी. दोघा भावंडांत आहे म्हणजे आईबाबांपैकी एकात असणार. मी फक्त लेकीचं विचारलं. निम्मी शक्यता, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे ती जन्मली त्याच्या आधीच ठरून गेलंय. मलाच माहीत नाही इतकंच.
चौदा वर्षांची आहे. रोज तासभर पोहते.

१८ फेब्रुवारी
पोहायला सोडलं नाही. सर्दी झालीय म्हटलं. तिला सर्दी झालेली नाही. रुसून बसलीय.

२२ फेब्रुवारी
नवरा म्हणतो, उद्याच नेऊ. मी म्हटलं, तिची परीक्षा होऊ दे. तो म्हणाला, "तू बाबांसारखं बोलतेयस." जिव्हारी लागलं. खरं होतं म्हणून.

२४ फेब्रुवारी
लेकीला सगळं सांगितलं. मामाचं, माझं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग माझं अजून का नाही तपासलं?

२६ फेब्रुवारी
तिचं रक्त द्यायला गेलो तर दवाखान्याच्या दारात बाबा! इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. हिनेच फोन करून बोलावलं होतं — आजोबा, मला एकटीला भीती वाटते. बाकावर दोघं हात धरून बसली. कोण कुणाला धीर देत होतं, देव जाणे. आधी बाबांनी बाही वर केली.

११ मार्च
फोन वाजला की हातातलं टाकून धावते. आज दूधवाल्याचा होता.

१९ मार्च
लेकीत आहे.
भिंत अजून ठीक, अगदी ठीक. शर्यती बंद. ती म्हणाली, बरं. मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ बसली. मी दाराबाहेर. आत काय चाललंय ऐकू येऊ नये म्हणून नळ, हे मला कळतं. माझीही तीच युक्ती आहे.

२० मार्च
बाबांचा रिपोर्ट त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवला. त्यांच्यात नाही. दोनदा वाचायला लावलं, मग खुर्चीतच हमसून हमसून रडले.
आई उठली, त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. मग मला म्हणाली, "माझं रक्त कधी घेतील?"