देवाच्या टेकडीवर बूट

उस्मानपुरा, औरंगाबाद
गुरुवार, २४ मार्च १९८८

तीर्थरूप मामा,

तुमच्या आणि आत्याबाईंच्या पायी तुमच्या सुनेचा, सत्यभामेचा नमस्कार. पत्र चंपावन्संच वाचून दाखवणार, म्हणून त्यांना आधीच सांगते, अक्षर वाईट आहे, चिडू नका.

इथं ठीक चाललंय. नळाला दिवसाआड पाणी येतं. तुम्ही पाठवलेली घोंगडी मिळाली. शहरात आता उकडायला लागलंय, पण हे हट्टानं तीच पांघरतात आणि सकाळी घामाघूम होऊन उठतात. वाळूजला कारखान्यात काम वाढलंय, यांना ओव्हरटाइम असतो. आत्याबाईंचा गुडघा कसा आहे? मेंढरं कातरून झाली का?

आता गाडीचं लिहिते. यांना हा नाद कसा लागला ते तुम्हाला माहीत आहे. नामांतराच्या बंदला रस्ते अडवले होते, कंपनीची बस आली नाही, तेव्हा हे कुणाची तरी मोटारसायकल घेऊन माळामाळानं, नाल्यातून घरी आले. कुठं काय होईल या धास्तीनं मी दारात उभी, आणि हे धुळीनं माखलेले, हसत. "सत्ये, लई मजा आली," म्हणाले. त्या दिवसापासून दर रविवारी कारखान्यातली पाच-सहा माणसं डोंगर हुडकत फिरतात. बायकामुलं घरी बसतात आणि हे दगडगोट्यांतून गाड्या उडवतात, याला म्हणे खेळ म्हणायचं.

मी भांडले. मग एकदा बघायला गेले आणि थोडी निवळले. त्यांच्यातले अप्पाराव वयानं मोठे, कडक माणूस. हेल्मेट नसेल तर गाडीला हात लावू देत नाहीत. आधी सगळा चढ पायी चढून बघायचा, मुरूम कुठं सुटतोय ते पायानं चाचपायचं. चढताना पायदानावर उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे. एक जण वर जाईपर्यंत बाकीच्यांनी बाजूला थांबायचं, त्याच्या मागं नाही. मधेच गाडी बंद पडली तर गाडी सोडायची, आपण वाचायचं. "गाडी दुरुस्त व्हती, गुडघा नाय व्हत," असं ते म्हणतात. आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड बूट. बुटांशिवाय कुणी नाही. माणसं वेडी असली तरी बेफिकीर नाहीत, असं वाटून मी भांडण सोडलं.

मग पाडव्याला आपल्या गावी आलो तेव्हा टेकडीचं ठरलं. पुनवेनंतरच्या रविवारी कारखान्यातल्या या सगळ्यांनी बिरोबाच्या टेकडीवर गाड्या चढवायच्या. देवाच्या टेकडीवर गाड्या कशाला, म्हणून पारावर कुरकुर झाली. तुम्ही उठून म्हणालात, "भाईरची पोरं बूट घालून चढंनात का, त्यान्ला काय ठावं. माझा सूर्यभान अनवाणी चढंल. देवाचा मान ऱ्हाईल." लोकांनी माना डोलावल्या. यांची छाती फुगली होती. मी पदर सावरत मागं उभी होते.

आपल्यात त्या टेकडीवर कुणी पायताण घालत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. लग्नानंतर पहिल्यांदा चढले तेव्हा तळपाय भाजत होते, तरी चप्पल हातात धरायचीसुद्धा मला हिंमत झाली नव्हती. देवाला मी भिते, मामा. तुमच्याइतकीच भिते.

यांच्या पायात काच गेली, असं यांनी परवा वन्संना कळवलं. काच नव्हती. मी तिथंच होते, म्हणून लिहिते.

गेल्या रविवारी इथल्या डोंगरावर यांनी बूट काढून ठेवले. म्हणाले, सवय करायला पाहिजे. गाडीच्या पायदानाला दाते असतात, बुटाची पकड बसावी म्हणून. उघडा पाय घामानं त्यावरून निसटला. गाडी कलंडली, पाय खाली सापडला, एकीकडून दगड आणि एकीकडून तापलेला सायलेन्सर. त्यांच्यातला कडुबा आणि अप्पाराव, दोघांनी गाडी उचलली. अंगठ्याचं नख गेलंय, तळवा फाटलाय, टाके पडलेत. करंगळी अजून हलत नाही. हे ओरडलेसुद्धा नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. कामावर लंगडत जातात.

अप्पाराव म्हणाले, अनवाणी चढू देणार नाही. तर हे म्हणाले, "आबांनी गावात शब्द दिलाय." त्यावर अप्पाराव बाजूला झाले. देवाच्या गोष्टीत परक्या माणसानं काय बोलावं.

बिरोबाच्या टेकडीचा चढ उभा आहे, मामा. त्यावर मेंढरंसुद्धा तिरकी उतरतात. हे वर चढताना पाय सुटला तर आख्खी गाडी अंगावर येणार. भाकरी थापताना मधेच हात थांबतो. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की धावत जाऊन आधी यांचे पाय बघते.

इतके दिवस मी यांच्या नादाला बोल लावला. डोंगराला लावला, अप्पारावांना लावला. पण मला भीती नादाची नाही, डोंगराची नाही, मला भीती तुमच्या शब्दाची आहे. हे देवासाठी अनवाणी चढत नाहीत, तुमच्यासाठी चढतात. तेव्हा तो शब्द तुम्हीच मागं घ्या. पारावर उभं राहून, सगळ्यांसमोर. हवं तर देवाला कौल लावा. देव माणसाचा पाय मागत असेल असं मला वाटत नाही.

यांना या पत्राचं ठाऊक नाही. कळलं तर घरात काय होईल ते मी निस्तरीन.

आणि तुम्ही शब्द मागं घेतला नाहीत, तर त्या रविवारी यांच्या गाडीच्या आधी मी टेकडी चढणार आहे. पायात चप्पल घालून, आख्ख्या गावादेखत, थेट देवाच्या दगडापर्यंत. केरबाच्या सुनेनंच टेकडी बाटवली, असं गाव तुमच्या नावानं म्हणायला लागल्यावर केरबाच्या पोराच्या उघड्या पायांनी कुणाचा मान राहणार नाही, मग घालतील ते बूट. कोप व्हायचा तो माझ्यावर होईल.

तुमच्यासमोर आजवर मान वर न केलेली,
सत्यभामा