बुधाची अकरा मिनिटं

३ मार्च

हिला निवृत्तीनंतर वेड लागलंय, आता खात्री झाली! टपाल कचेरीत पस्तीस वर्षं मान खाली घालून शिक्के मारले, आणि आता वर गेलेली मान खाली यायला तयार नाही. मोबाइलमध्ये आकाशाचं ॲप घेतलंय. तारीख घाला, वेळ घाला, की त्या वेळचं आभाळ हजर. भर दुपारी मला गुरू दाखवत होती. म्हटलं, आधी छताचे पोपडे बघ.

छत मला पाठ आहे. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर.

५ मार्च

समोरच्या इमारतीतला शिंपी तक्रार घेऊन आला. "काका, काकू रोज गच्चीवरून मला मूठ दाखवतात हो. माझं काही चुकलं का?"

हसून हसून खुबा दुखला! हात ताठ करून मूठ धरली की दहा अंश, करंगळी धरली की एक – अशी ही आजूबाजूच्या इमारती मोजतेय. ते आकडे ॲपमध्ये भरायचे, मग कुठला ग्रह कुणाच्या टाकीमागे जाणार ते कळतं म्हणे. मी चाळीस वर्षं आर्किटेक्टच्या हापिसात नकाशे काढले. मुठीने कोन मोजणारी पहिलीच बघितली. दिव्य!

६ मार्च

फिजिओवाली आली. "आजोबा, वॉकर धरून नुसतं एक मिनिट उभं राहा." म्हटलं, उद्या. "तुमचा उद्या मी महिनाभर ऐकतेय." उद्धट कार्टी!

हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, आत्ता उठला नाहीत तर पुढे उठताच येणार नाही. त्यांना काय जातंय सांगायला. न्हाणीच्या उंबऱ्यावर पडलो तेव्हाचा तो हाडाचा आवाज त्यांनी ऐकलेला नाही. भीती वाटते मला. इथे लिहायला हरकत नाही.

९ मार्च

संध्याकाळी पाऊण तास ही गच्चीवर. मी इथे. चहा गार.

१२ मार्च

नवीन खूळ. दुपारी डोळा उघडला तर ही माझ्या खिडकीशी स्टुलावर उभी! मूठ पुढे. खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलची खूण. "हे काय?" "काही नाही. झोपा तुम्ही." पासष्टीची बाई स्टुलावर! ही पडली तर पाणी कोण कुणाला देणार?

संध्याकाळी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः माझ्या पलंगावर आडवी झाली. "जरा कंबर टेकते." कंबर टेकायला मूठ कशाला लागते?

१५ मार्च

जेवताना म्हणाली, "सव्वीसला संध्याकाळी बुध दिसणार. अकरा मिनिटं."

"मग?"

"मग काही नाही."

अकरा मिनिटांसाठी महिनाभर उठाठेव! म्हटलं, जा की गच्चीवर, मी आहेच इथे पडलेला. ताटं उचलून गेली. मला फार राग आला. मला टाकूनच बघायचं, तर सांगायचं कशाला?

१९ मार्च

ही आंघोळीला गेली आणि मोबाइल पलंगावर राहिला. उघडला. चोरून, हो!

ॲपमध्ये चार जागा लिहून ठेवल्यात. गच्ची. खिडकी – झोपून. खिडकी – बसून. खिडकी – उभ्याने.

सव्वीस तारीख घालून एकेक उघडली. झोपून बघितलं, तर बुध शिंप्याच्या पाण्याच्या टाकीमागे. बसून, तरी टाकीमागेच. उभ्याने – टाकीच्या वर एक ठिपका. अकरा मिनिटं.

गच्चीवरून पंचवीस मिनिटं दिसतो. ते तिने मला सांगितलंच नव्हतं.

मोबाइल होता तसा ठेवला.

२० मार्च

चुकलंय! ही बाजारात गेल्यावर फिजिओवालीला म्हटलं, आण तो वॉकर. खिडकीवरची खूण तपासायची होती, बाकी काही नाही. डोळ्यांशी यायला हवी ती खूण माझ्या कपाळाला आली. बाईसाहेबांनी नवऱ्याची उंची जुनीच धरलीय, ताठ माणसाची. वॉकरवर वाकलेला माणूस दोन इंच कमी भरतो. टाकी वीस फुटांवर. दोन इंच म्हणजे अर्धा अंश, अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. अकरा कुठली, नऊच! टपालवाल्यांची मापं!

उभा होतो बारा सेकंद. मग परत खुर्चीत.

२४ मार्च

चार मिनिटं. हिला सांगायचं नाही, असं फिजिओवालीला बजावलंय. कार्टी रडते कशाला?

२६ मार्च

ढग! सगळं आभाळ भरलेलं, बुध नाही की काही नाही. त्या ॲपला ढग कळत नाहीत. ही गच्चीवर गेलीच नाही, खिडकीशी माझ्या शेजारी होती. नऊ मिनिटं उभा होतो. दहाव्याला हळूच म्हणाली, "अहो, बसा आता."

बसलो नाही.