घरमालकाची रायफल

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

संध्याकाळी शस्त्रपूजा केली. शस्त्रं: लॅपटॉप, व्हर्नियर कॅलिपर, गाडीची किल्ली. आसावरीने न विचारता शेजारी लाटणं ठेवलं. वर भिंतीवर आजोबांचा फोटो, त्याला हार. फेटा, खांद्याला बंदूक, नेम धरलेला, एक पाय मेलेल्या बिबट्यावर. इथे आखातात, अख्ख्या अल गराफात कोणाच्या हॉलमध्ये असा फोटो आहे?

नेमके तेव्हाच घरमालक अबू नासेर एसी बघायला आले. खालच्याच मजल्यावर राहतात, सज्जन माणूस. फोटोसमोर थांबले. कोण म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझे आजोबा, जिल्ह्यातले नामांकित शिकारी, तीन बिबटे मारले. तीन हा आकडा कुठून आला माहीत नाही. लहानपणी काका या फोटोबद्दल काहीतरी वेगळं सांगायचा, पण काकाला घरात कोणी मानत नव्हतं.

अबू नासेर खूष. त्यांचं उत्तरेकडे शेत आहे. मोठ्या घुशी ठिबकचे पाइप कुरतडतात. त्यांना हलकी रायफल घ्यायची आहे, खांदा दुखतो म्हणून. परवाना तयार आहे. निवडायला याल का, म्हणाले. मी म्हणालो, विचारलं नसतं तर राग आला असता.

आसावरीने चहाचा ट्रे जरा जोरात ठेवला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

सहा तास अभ्यास. यूट्यूब, फोरम, दोन पीडीएफ. विषय वाटतो तितका अवघड नाही. घुशीसारख्या लहान जनावराला लहान कॅलिबर पुरतं. पॉइंट वन सेव्हन फार वेगात जाते, पण गोळी हलकी, शमाल वारा सुटला की भरकटणार. म्हणून पॉइंट टू टू. शिवाय बोल्ट ॲक्शन, म्हणजे एक गोळी झाली की हाताने खटका मागे ओढून दुसरी. बोल्ट म्हटल्यावर माझाच प्रांत. वीस वर्षं गॅस प्लांटवर लोकांनी आवळलेले बोल्टच तपासतोय.

नुपूरला शिकारीचं सगळं समजावलं. लेक बारा वर्षांची आहे, मराठी कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. तिने विचारलं की तू स्वतः कधी गन हातात धरली आहेस का. मी म्हणालो, रक्तात असतं.

४ ऑक्टोबर, शनिवार.

छोटी अडचण. नेम धरताना डावा डोळा मिटायचा असतो. माझा डावा मिटला की उजवाही मिटतो. आधी कधी लक्षात आलं नाही, कारण डोळा मारायचे प्रसंग माझ्या आयुष्यात आले नाहीत.

संकल्प: रोज आरशासमोर शंभर वेळा.

७ ऑक्टोबर.

सत्तर टक्के जमलं. म्हणजे सत्तर टक्के वेळा दोन्ही मिटतात. पण उजवा उशिरा मिटतो.

९ ऑक्टोबर.

मॉपच्या दांड्यावर सराव. आसावरीने पाहिलं. मॉप काढून घेतला आणि फरशी पुसली.

११ ऑक्टोबर, शनिवार.

रायफल निवडली! दुकानदाराने चार रायफली काउंटरवर ठेवल्या. मी पहिली उचलली, खांद्याला लावली. दुकानदाराने ती हळूच माझ्या डाव्या खांद्यावरून काढून उजव्याला लावली. असेल त्यांच्याकडे तशी पद्धत. मी कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. असं आजवर कोणी मागितलं नव्हतं म्हणे. दर्जा असा वाढवावा लागतो.

शेवटी पॉइंट टू टू, आखूड नळी, अक्रोडाचा दस्ता, वर स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण, सव्वादोन किलो. वाऱ्याचा मुद्दा मांडला तेव्हा दुकानदारानेही मान डोलावली. अबू नासेर कौतुकाने पाहत होते. बोलण्याच्या ओघात आजोबांचे बिबटे सात झाले.

शुक्रवारी शेतावर जायचं. पहिली गोळी मी झाडायची, असा मान दिला. नुपूर व्हिडिओ काढणार आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. रात्री ९.

शेतावर जाऊन आलो.

तिथे कमाल म्हणून बांगलादेशी माणूस आहे. नऊ वर्षं एकटा शेत सांभाळतो. पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्याने स्वतःची भाजी लावली आहे, दुधी, लाल माठ, मिरच्या. वाळूत! प्रत्येक वेलाला हात लावून दाखवत होता. नुपूरला एक दुधी दिला, ती बाळासारखा धरून फिरत होती.

रायफल गाडीतून कमालनेच आणली. वाळूच्या ढिगावर लबनचा, म्हणजे इथल्या ताकाचा, रिकामा डबा ठेवला, तीस पावलांवर. मी नेम धरला. अकरा बिबट्यांची गोष्ट नुकतीच सांगून झाली होती. चाप ओढला.

गोळी टाकीला लागली. टाकी डब्यापासून चार मीटर डावीकडे आहे. पाणी धो धो वाहिलं आणि कमालच्या भाजीच्या वाफ्यातून अर्धी रोपं घेऊन गेलं.

मग माझ्याच तोंडून निघालं की स्कोप हललेला आहे, गाडीतून रायफल कोणी आणली?

ऑफिसची सवय. चूक निघाली की आधी दुसऱ्या डिपार्टमेंटला विचारायचं.

कमालने माझ्याकडे पाहिलं. मग मोबाइल धरून उभ्या असलेल्या नुपूरकडे. मग अबू नासेरना म्हणाला की हो साहेब, माझ्या हातून फाटकावर आपटली.

बघा. म्हणजे स्कोप हललाच होता. तांत्रिकदृष्ट्या अगदी शक्य आहे.

येताना गाडीत नुपूर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. दमली असेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

अबू नासेर जिन्यात भेटले. कमालला शेतावरून काढून त्यांच्या बांधकाम कंपनीत टाकलं. बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात राहील. ज्याच्या हातून बंदूक पडते त्याला बंदुकीजवळ ठेवता येत नाही, म्हणाले. आणि माझ्याकडे बघत थांबले.

मी म्हणालो, प्रोसिजर बरोबर आहे.

हे मी म्हणालो. नऊ वर्षं वाळूत दुधी पिकवणाऱ्या माणसाबद्दल.

रात्री जेवण गेलं नाही. दुधीची भाजी होती.

१९ ऑक्टोबर.

संकल्प: येत्या शुक्रवारी अबू नासेरना खरं सांगायचं. खरं म्हणजे काय ते आधी नीट ठरवायला हवं.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.

सणासुदीत वाईट विषय नको. फराळाचं ताट मात्र अबू नासेरकडे पाठवलं. चकल्या जास्त ठेवल्या.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज.

आईला नाशिकला फोन. सहज विचारलं, आजोबांनी बिबटे किती मारले? आई इतकी हसली की फोन ताईकडे गेला. आजोबा शाळेत चित्रकला शिकवायचे. झुरळ निघालं तरी आजीला हाक मारायचे. तो फोटो जत्रेतल्या स्टुडिओवाल्याकडचा. बंदूक लाकडी, बिबट्यात पेंढा. रांग लावून लोक त्याच बिबट्यावर पाय ठेवायचे. आई म्हणाली, हे तुला माहीत होतं की रे, काका सांगायचा.

होतं बहुतेक.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

सांगायला खाली गेलो. त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पाहुणे होते. पाहुण्यांपुढे असा विषय बरा दिसत नाही. परत आलो. पाहुणे म्हणजे त्यांचा भाऊच होता, पण तरी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज अबू नासेरनी स्वतःच थांबवून विचारलं, काही बोलायचं आहे का. समोरासमोर, एकटे, शांतपणे. याहून चांगली संधी मिळणार नव्हती.

मी म्हणालो, एसीतून पाणी गळतंय.

१ नोव्हेंबर.

एसीवाला आला. तासभर शोधत होता. एसी ठणठणीत आहे. त्याला सरबत दिलं.

आसावरी आज बोलली. म्हणाली, मधु, मी चौदा वर्षं त्या फोटोची धूळ पुसते. बिबट्याच्या पोटावर टाके दिसतात. मला वाटलं आपण दोघंही ते मनात ठेवून हसतो.

मला त्याच्या पोटाकडे बघायचं सुचलंच नव्हतं कधी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

बिरकत अल अवामेरला गेलो. मिठाईचा डबा घेऊन. रस्त्यात दोनदा यू-टर्न घेतला, तिसऱ्यांदा सरळ गेलो.

कमाल नुकताच कपडे धुऊन बसला होता. खोलीत सहा जण. मला कॉटवर बसवलं, स्वतः बादली पालथी घालून तिच्यावर बसला. चहा मागवला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तोच सांगायला लागला की उरलेल्या दुधीला आता फुलं आली असतील, नव्या माणसाला पाणी घालायला सांगून आलोय, तो घालतो की नाही कोण जाणे.

मग मी विचारलं, खोटं का बोललास? तो म्हणाला की साहेब, तुमची मुलगी बघत होती. त्यालाही एक मुलगी आहे, गावी, नुपूरएवढीच. तिला वाटतं बाबा शेताचा मॅनेजर आहे. मुलीपुढे बाप पडायला नको, म्हणून पटकन तोंडातून निघून गेलं. नंतर अबू नासेर साहेबांना उलटं कसं सांगणार?

आणि जाता जाता हळूच म्हणाला की पुढच्या वेळी एक डोळा उघडा ठेवा.

त्याने पाहिलं होतं.

मिठाई त्याने सहा जणांत वाटली. मलाही एक तुकडा दिला.

८ नोव्हेंबर, शनिवार.

सांगितलं. सगळं. सकाळी नऊ वाजता, चहाच्या आधी. रायफल आपटली नव्हती. स्कोप ठीक होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक धरली होती. आजोबा ड्रॉइंग मास्तर. बिबटे शून्य.

अबू नासेरनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, दुकानातच कळलं होतं. पण तुम्ही वाऱ्याबद्दल बोललात ते बरोबर होतं, म्हणून घेतली रायफल. मग कमालला का हलवलं, मी विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला. कमाल म्हणतो पडली, म्हणजे मला पडली असंच धरून वागावं लागतं. तो खोटं बोलतो म्हणालो तर त्याची अब्रू जाते. तुम्ही खोटं बोलता म्हणालो तर माझ्या पाहुण्याची जाते. म्हणून तुमची वाट पाहत होतो. तीन आठवडे. एसीवालासुद्धा पाठवला.

कमालला परत आणाल ना, मी म्हणालो. ते म्हणाले, इन्शाल्ला. वीस वर्षं कॉन्ट्रॅक्टरांकडून हा शब्द ऐकतोय. पण या वेळी उलटून विचारायचं तोंड मला नव्हतं.

घरी येऊन नुपूरला समोर बसवलं आणि तिलाही सांगितलं. तिने मोबाइलवरून नजर काढली नाही. म्हणाली, आय नो, बाबा. मग तो व्हिडिओ? त्याच दिवशी गाडीत डिलीट केला म्हणाली. माझ्या शेजारी बसून. मला वाटलं दमली आहे.

म्हणजे एकूण: आई, आसावरी, दुकानदार, घरमालक, कमाल, बारा वर्षांची पोरगी. सगळे मिळून माझी इज्जत सांभाळत होते. मीच तेवढा ड्यूटीवर नव्हतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

कमाल बुधवारी शेतावर परत आला. अबू नासेरनी शब्द पाळला. आम्ही घरचे तिघं आज भेटायला गेलो होतो.

वाफा वाळून गेला आहे. नव्या माणसाने पाणी घातलं नव्हतं. दुधीचे वेल हात लावला की चुरत होते. कमाल म्हणाला, काही नाही साहेब, पुन्हा लावू, थंडी चांगली आहे. मी ठरवलेल्या पहिल्याच शुक्रवारी खरं बोललो असतो तर वेल वाचले असते, हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, जाऊ द्या, आणि खुरपं माझ्या हातात दिलं. दोन तास माती भुसभुशीत केली. नुपूरने बिया टाकल्या. रायफल अबू नासेरच्या घरीच होती, कोणी काढली नाही. घुशींसाठी कमालने पाइपांना जाळी बांधायला घेतली आहे. ती त्याला नऊ वर्षांपूर्वीच सुचली होती, पण कोणी विचारलं नाही.

घरी आल्यावर खुर्ची घेतली. फोटो काढून टाकायचा ठरवलं होतं. शेवटचा संकल्प. नुपूर धावत आली, राहू दे म्हणाली. तिला तो आवडतो म्हणे. का, विचारलं. तिने नुसतं बोट दाखवलं, फेट्याच्या सावलीत.

मी चष्मा पुसला, फोटोच्या अगदी जवळ गेलो.

लाकडी बंदूक, पेंढ्याचा बिबट्या, आजोबांनी जीव तोडून नेम धरलाय. आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले.