पेवावरचा दिवा

३ फेब्रुवारी
आज सकाळी वाडीला जाऊन संगमावर अंघोळ केली, दत्ताचं दर्शन घेतलं आणि ट्रंक घेऊन उचगावात उतरलो. फौंड्रीत स्टोअरकीपरची नोकरी आणि राहायला धोंडुबाई मावशींची बाहेरची खोली. मावशींनी दारातच विचारलं, पावणं, चहात साखर किती. आणि उत्तराची वाट न बघता तीन चमचे घातले. पन्नाशीला टेकलेल्या, दमलेल्या माणसाला आणखी काय हवं?

आतल्या खोलीत फरशीखाली धान्याचं जुनं पेव आहे. तोंडावर दगड, दगडावर अखंड दिवा. मावशींचे गुडघे गेलेत, म्हणून तेल मी घालायचं ठरलं. खोलीला खिडकी नाही. आमचे वडील पेवात उतरण्याआधी दिवा खाली सोडत. विझला तर हवा वाईट, जळत राहिला तर खुशाल उतरायचं. इथली ज्योत अगदी सरळ. तिथंच जपाला बसलो. बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी
गल्लीतली आदिती कॉलेजच्या पाहणीसाठी घरोघरी हवा मोजायचं यंत्र ठेवते. रेडॉन नावाचा वायू जमिनीतून वर येतो म्हणाली. वास नाही, रंग नाही, त्यानं दिवाही विझत नाही. बंद खोलीत साठतो आणि वर्षानुवर्षं फुप्फुसं पोखरतो. यंत्र आतल्या खोलीत ठेवलं. मावशी म्हणाल्या, ठेव की बाई, ते काय खायाला मागतंय व्हय!

२४ फेब्रुवारी
आकडा मर्यादेच्या कितीतरी पट आला. झरोका पाडा, दगडाच्या फटी बुजवा, तोवर तिथं कुणी झोपू नका, असं आदिती बजावून गेली. मावशी हसल्या. दिवा जळतोय न्हवं? मग हवा चांगली हाय.

त्यांचे मालक त्याच खोलीत झोपत. थोरला मुलगाही. दोघंही फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेले. विडीला कधी शिवले नाहीत. हे मावशींनीच सांगितलं, तेलाची बाटली हातात देताना.

५ मार्च
मावशींची लेक संयोगिता बाळाला घेऊन दवाखान्यातून आली. मुलगी आहे. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आतली खोली दिली. सव्वा महिना तिथंच. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. मी नको म्हणालो. मावशी म्हणाल्या, केरबा, तुझं यंत्र काल आलंय, दिवा माझ्या सासूपासनं हाय.

९ मार्च
सकाळी मायलेकी बाळाला घेऊन न्हाणीत असतात, तेव्हा तेल घालतो. आज ज्योत दगडाकडे झुकली होती. वारा नाही. फटीला कान लावला. खाली कुणीतरी श्वास घेतंय. सावकाश. दमल्यासारखा.

१२ मार्च
बाळ खोकतंय. मागोमाग खालूनही खोकला — मोठ्या माणसाचा. संयोगिता म्हणाली, दादा अस्साच खोकायचा. तिला भीती वाटत नाही. सोबत वाटते म्हणे.

१३ मार्च
दोन दिवस तेल घातलेलं नाही. पणती भरलेली. मायलेकींना हात जोडून सांगितलं, खोली सोडा — दिवा जळतोय, म्हणतात.

१४ मार्च
तो विझल्याशिवाय ऐकायच्या नाहीत. जन्मात हातानं दिवा विझवला नाही. दत्ता, पदरात घे. त्या न्हाणीत असताना वात चिमटीत धरली. विझला. मावशी परतल्या, अंधार पाहिला, बाळ उराशी धरून लेकीला ओढत अंगणात पळाल्या.

तेल ओतून टाकलंय. वात माझ्या मुठीत आहे.

दगडावर ज्योत. सरळ —

मावशी उंबऱ्याशी आल्यात. हाय की जळतोय, म्हणतात. चल गं पोरी, आत —

दार लोटलं. आतून कडी घातली. त्या बडवतायत. बडवू देत. बाळ बाहेर आहे.

खालचा खोकला थांबला. दगड सरकतोय —